लंघन

"पाणी पाज फक्त. पोट रिकामं राहू दे," शकुनबाई सुनेला म्हणाल्या.

पौर्णिमानं पेजेची वाटी खाली ठेवली नाही. दीड वर्षांचा रोहित कालपासून ओकत होता. आता ओकायचाही थांबला होता. पिळलेल्या फडक्यासारखा मांडीवर पडला होता.

"आत्या, खुशीबी अशीच पडली होती."

शकुनबाईंचं तेल्हाऱ्यात हारांचं दुकान. तिथं लंघनाचा सल्ला फुकट मिळे. ओकणारी पोरं घेऊन बाया येत, बहुतेक पोरं आपोआप बरी होत, आणि नाव लंघनाचं होई. नात खुशी, रोहितची मोठी बहीण, तेवढी गेली. एक डॉक्टर म्हणाला, ताप डोक्यात गेला. दुसरा म्हणाला, विषबाधा. अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरनं देवाची इच्छा सांगितली. त्याची फी सगळ्यांत जास्त होती.

पौर्णिमाच्या नवऱ्यानं, गजेंद्रनं, गाडी काढली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोहितच्या रक्तातली साखर तपासली, आकडा पाहून पुन्हा तपासली, मग घाईनं सलाईन लावलं.

"उपाशी कधीपासून आहे?"

"कालपासून. लंघन करून राहिलो होतो," गजेंद्र म्हणाला. "पयल्या पोरीलेबी..."

"लग्न नात्यातलं?"

"सून माह्या भावाचीच पोरगी हाये," शकुनबाई म्हणाल्या. आजवर हे वाक्य त्यांनी मिरवून सांगितलं होतं.

"रक्त मुंबईला पाठवू, मग नक्की कळेल. काही मुलांचं शरीर उपाशीपोटी साठवलेली चरबी वापरू शकत नाही. आई-वडील दोघांकडून दोष आला तरच असं होतं. एरवी मूल धडधाकट, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. याला उपाशी ठेवायचं नाही. आजारात तर मुळीच नाही."

खुशीला किती दिवस उपाशी ठेवलं होतं, ते शकुनबाई बोटांवर मोजू लागल्या.

रोहित घरी आला. मुंबईच्या तपासणीतही तेच निघालं. मग एक दिवस दुकानात शेजारची बाई लेकरू घेऊन उभी राहिली.

"आजी, हा ओकून राहिला. लंघन करू ना?"

हार ओवणारा हात थांबला. "मले नाई माहीत. दवाखान्यात ने."

"तुमालेच माहीत नाई?" बाई हसली.

शकुनबाई उठल्या. मागच्या खोलीत रोहित झोपला होता. त्यांनी त्याला उठवलं. तो चिडून रडू लागला.

"खाय रे बापा," त्या म्हणाल्या आणि पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी धरला.