चालेल की पडेल

पुढच्या दोन महिन्यांत भुताचे, अंतराळाचे आणि राक्षसी जनावरांचे मिळून चार सिनेमे येतायत आणि त्यांतला एकच धड आहे. हे मी एकही न पाहता सांगतेय. पाहून काय, कुणीही सांगेल.

धरणातल्या अजस्र माशाचा जो आहे ना, तो शुक्रवार ते रविवार तुफान चालेल आणि सोमवारी मान टाकेल. कारण ट्रेलरमध्येच अख्खा मासा दाखवलाय, शेपटीसकट. अहो, मासा दाखवायचा नसतो, पाणी दाखवायचं असतं! काळात मागे जाणाऱ्या लिफ्टचा आहे, त्याची कल्पना झकास, पण त्यातला शास्त्रज्ञ दर दहा मिनिटांनी सगळ्यांना उभं करून समजावून सांगणार, हे त्याच्या चष्म्यावरूनच कळतं. समजावलं की मेला सिनेमा. अंतराळयानात एकट्या उरलेल्या बाईचा सिनेमा उत्तम असणार, म्हणजे पडणार. लोकांना एकटी बाई बघवत नाही, मग ती पृथ्वीवर असो की आणखी कुठे.

मी भांडखोर आहे असं ताई म्हणते. मी म्हणते, मला मतं आहेत.

मी एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर कुणाच्या तरी जबड्याचा साचा पुढ्यात ठेवून मेण कोरायचं आणि तोंडाने सिनेमांवर बोलायचं, असं माझं काम. बाजूच्या टेबलावरचे कान बंद करून बसतात, पण चौकातल्या थिएटरचा बुकिंगवाला मात्र माझ्या मतांवर चालतो. त्याच्याकडे दोन पडदे आहेत, एक मोठा, एक खुराडं. कुठला सिनेमा कुठे लावायचा हे ठरवायच्या आधी तो मला फोन करतो. माझ्याकडे त्याच्यासाठी चारच शब्द असतात. उठेल, चालेल, बसेल, पडेल. तेवढ्यावर त्याचं काम भागतं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि ताई. ताई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कटिंग मास्टर होती. अख्खं आयुष्य तिने उभ्याने काढलं, कात्री हातात आणि टेप गळ्यात. भुताचा सिनेमा आला की पहिला खेळ आम्ही दोघींनी बघायचा, हे ठरलेलं. ताईला माझ्यासारखी मतं नाहीत. ती आपली बघते, घाबरते, बाहेर येऊन चहा पिते. पण माझ्या बोलण्यावर तिचा भारी विश्वास. ‘आमच्या धाकटीने पडेल म्हटलं ना, की पडलाच समजा,’ असं ती दुकानात सगळ्यांना सांगायची. मला तेव्हा मूठभर मांस चढायचं.

मग ताई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई बसली, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, आता सगळं हिच्यावर आहे. रोज उभी राहिली, पावलं टाकली तर चालेल, पडून राहिली तर पाय आखडून बसेल, आणि एकदा बसला की मग कुणाच्या हातात काही नाही. रोज सकाळी फिजिओवाली यायची. काटक मुलगी, आवाज मात्र हवालदाराचा. ‘चला आजी, उठा!’ म्हणायची. ताई म्हणायची, ‘आजी कुणाला म्हणतेस गं?’ आणि रागाच्या भरात उठायची. ती पोरगी मुद्दाम म्हणते हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ताईला कळायला आठवडा गेला. पण तोवर ताई वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जायला लागली होती. खिडकीशी पोचली की माझ्याकडे वळून बघायची, काय गं, बघितलंस का, अशी. मी स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवायचे.

अशात एका संध्याकाळी बुकिंगवाल्याचा फोन आला. मी ओट्याशी भांडी घासत होते, फोन कान आणि खांद्यात दाबलेला. आधी त्याने ताईची चौकशी केली, मी म्हटलं बरं चाललंय. मग तो मुद्द्यावर आला. चौथा सिनेमा यायचा होता, ‘ती उठते’ नावाचा. विहिरीत ढकललेली बाई परत येते आणि एकेकाला गाठते. मोठ्या पडद्याला लावू का, असं त्याचं विचारणं. माझं डोकंच सणकलं. असल्या बायका किती वेळा उठवणार, काही मर्यादा?

‘छे! काही उठत नाही ती,’ मी म्हटलं. ‘आणि उठली तरी चालायची नाही, लिहून घ्या माझ्याकडून. दोन पावलं टाकेल आणि पडेल. अहो, जीवच नाही तिच्यात. तुम्ही उगाच आशा लावून बसू नका, छोट्या खोलीत टाका आणि मोकळे व्हा.’

फोन ठेवला, भांडी संपवली, आणि मी तो सिनेमा विसरूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठली नाही. फिजिओवालीने ‘आजी’ म्हणून पाहिलं, ‘पणजी’ म्हणून पाहिलं. ताई नुसती हसली. ‘राहू दे बाळ, तू कशाला दमतेस,’ म्हणाली. दुखतंय का? नाही. चक्कर येतेय? नाही. मग काय? काही नाही, राहू दे.

तिसऱ्या दिवशीही तेच. मी आधी लाडीगोडी लावली, मग ओरडले, मग रडले, मग परत ओरडले. ताई एरवी मला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायची नाही, पण आता ती माझ्याशी पाहुण्यासारखी गोड वागायला लागली. ‘तुला लॅबला उशीर होतोय गं.’ ‘माझ्यामुळे तुझी किती ओढाताण.’ अंगावर काटा आला माझ्या. एकदा कामावरून आले तर म्हणाली, ‘टेप घे आणि बाथरूमचं दार किती रुंद आहे ते बघ. चाकाची खुर्ची जायला हवी ना.’ मी टेप हातात घेऊन दारात उभी राहिले आणि मला काही मापच वाचता येईना.

फिजिओवालीने जिन्यात मला गाठलं. ‘तुम्ही काही बोललात का त्यांना? माणूस असा एका रात्रीत सोडून देत नाही.’ मी तिच्यावरच डाफरले. मी काय बोलणार? मी तर टाळ्या वाजवत होते!

पुढच्या रविवारी मी ताईचे पाय चेपत बसले होते, तेवढ्यात बुकिंगवाल्याचा पुन्हा फोन. नुसता हसत होता मेला. ‘ती उठते’चे सगळे खेळ हाउसफुल्ल, लोक खुराड्यात मावत नव्हते, आज दुपारपासून त्याने तो मोठ्या पडद्यावर हलवला होता. ‘बाई, या वेळी तुम्ही तोंडावर पडलात!’ म्हणाला.

फोन आपटून मी ताईपुढे गाऱ्हाणं सुरू केलं. ‘बघ, ‘ती उठते’ चालला म्हणे! असले सिनेमे चालतात. मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, काही उठत नाही ती, दोन पावलं टाकेल आणि पडेल, जीवच नाही तिच्यात...’

माझ्या हातातला पाय एकदम ताठ झाला.

‘हे तू कुणाला सांगितलं होतंस?’ ताईने विचारलं.

‘बुकिंगवाल्याला. मागे फोन आला होता ना, मी भांडी घासत होते तेव्हा.’

‘सिनेमाबद्दल?’

‘मग आणखी कशाबद्दल?’

ताई माझ्याकडे बघत राहिली. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिचा पाय सोडून उभीच राहिले.

‘तुला वाटलं मी तुझ्याबद्दल... अगं ताई! डोक्यावर पडलीयस का तू?’

‘मला वाटलं, फिजिओवालीशी बोलतेयस.’

‘आणि तू मला विचारलं नाहीस?’

‘विचारायचं काय त्यात? इतक्या खात्रीने बोलत होतीस. माझ्यासमोर टाळ्या वाजवतेस आणि तिकडे खरं सांगतेस, असं वाटलं. तुझं कधी चुकतं का?’

‘सतरांदा चुकतं! आत्ताच नाही का चुकलं? चुकलेलं मी घरी सांगत नाही, एवढंच!’

मग आम्ही दोघी हसत सुटलो. विहिरीतल्या त्या बाईपायी ताईने अंथरूण धरलं होतं. हसता हसता ताई रडायला लागली, मग मीही. ओढणीने तिचे डोळे पुसले, त्याच ओढणीत नाक शिंकरलं.

‘बरं,’ ताई शेवटी म्हणाली, ‘सिनेमाचं राहू दे. माझं सांग. मी चालेन का?’

चालशील असं म्हणणं किती सोपं होतं! पण ताई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती ‘धाकटीने म्हटलं ना’वाली नजर होती. खोटं बोलले असते तर तिला कळलं असतं. आणि खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. दहा दिवस पाय पलंगावर पडून होता. तो आखडला असेल की नसेल, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. धरणातला मासा पडला काय, चालला काय, माझं त्यात काय जाणार होतं? म्हणून तर मी इतकी धडाधड मतं देत फिरते. हिच्या बाबतीत माझं सगळंच जाणार होतं.

‘मला माहीत नाही गं,’ मी म्हटलं. ‘खरंच माहीत नाही. तू चालावंस असं मला इतकं वाटतंय की त्यापुढे काही सुचतच नाही. मला भीती वाटतेय, ताई.’

ताईने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘वॉकर आण.’

‘उद्या फिजिओवाली आली की...’

‘आण म्हणते ना!’

ओरडली ती माझ्यावर. इतक्या दिवसांनी ओरडली! मी पळत जाऊन वॉकर आणला. तिने पाय खाली सोडले, दात ओठांवर दाबले आणि उठली. घोटे थरथरत होते. मी तिच्या दंडांना दोन्ही हातांनी धरलं होतं.

‘सोड.’

‘पडशील.’

‘पडेन नाहीतर चालेन. तू सोड.’

मी हात काढून घेतले. मागे सरकले, भिंतीला टेकले, आणि माझ्याच्याने बघवेना. डोळे घट्ट मिटून घेतले. वॉकरचे रबर फरशीवर घासले. मग काहीच नाही. मग परत घासले. माझं सगळं लक्ष कानांत, आता धाडकन आवाज येतो की मग येतो.

‘डोळे मिटून घेतलेस होय?’ ताईचा आवाज आला, धापा टाकत. ‘उघड की.’

मी उघडले. पलंग रिकामा होता. ताई खिडकीशी उभी होती, घामाने डबडबलेली, आणि ती तिथवर कशी गेली ते मी पाहिलंच नव्हतं.