आडीची मुदत

बिल्डरचा माणूस वेंकट, त्यानं टेबलावर नकाशा पसरला. पंख्यानं त्याचा कोपरा उडायला लागला, तसा कृष्णवेणीमामींनी त्यावर आपला कॉफीचा टंबलर ठेवून दिला.

"जुलैअखेर सगळी घरं रिकामी हवीत," वेंकट म्हणाला.

माना डोलल्या. तिरुवान्मियूरच्या या इमारतीत छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडत. नवी नको असं कोण म्हणणार? मालकांना मधल्या काळात बिल्डर भाडं देणार होता. भाडेकरूंनी आपापलं बघायचं, आणि भाडेकरू म्हणजे एकटी सावनी.

ती दाराशी उभी राहून अथर्वला थोपटत होती. नवरा, देवेश, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पाळीला गेलेला. बाळाचं पाळणाघर इथल्याच गल्लीत, तिचं ऑफिस शोळिंगनल्लूरला. घर लांब गेलं की नोकरी सुटलीच. आणि जवळचं प्रत्येक घर, ते दोघं पोचेपर्यंत, कुणीतरी घेतलेलं असायचं.

"म्हणजे आडीत?" मामींनी वेंकटला विचारलं. "आडीत घर कोण सोडतं, तंबी?"

डोलणाऱ्या माना थांबल्या. आडी हा तमिळ महिना म्हणजे साधारण आपला आषाढ, एवढं सावनीला ठाऊक होतं. त्या महिन्यात इकडे कुणी घर बदलत नाही, हे आत्ता कळत होतं. वरच्या मजल्यावरची शरण्या हळूच म्हणाली, "माझ्या सासूबाई तर ऐकायच्याच नाहीत." एकदा आठवण निघाली म्हटल्यावर कुणालाच विसरता येईना.

"हल्ली कोण पाळतं, मामी?" वेंकट म्हणाला.

"बरं. तुझा मालक आडीत भूमिपूजा करील? लाव फोन, विचार."

वेंकटनं फोन खिशात घातला. सोसायटीचा सेक्रेटरी सुधींद्रनं घसा साफ केला आणि आडी सरल्यावर, ऑगस्टअखेर ठरलं.

सावनी मामींच्या मागोमाग त्यांच्या घरात आली. मामी तंजावरच्या मराठी. त्यांचं बोलणं ऐकताना तिला वाटे, कुणीतरी भाजी निवडता निवडता जुनी पोथी वाचतंय.

"मामी, तुम्ही एवढं पाळता, मला माहीतच नव्हतं. राहुकाळात तर खुशाल बँकेत जाता."

पेपराआडून गुरुमूर्तीमामा हसले. "ही पाळती? ह्या घरांत आम्ही आलों तेंच आडींत. नको नको म्हणतां हिनेंच सामान चढविलें. माझी आई दिवाळीपर्यंत बोलली नाहीं."

"तुम्ही पेपर वाचा हो!"

मामींनी अथर्वला तिच्या खांद्यावरून उचलून कडेवर घेतलं आणि चपला पायांत सरकवल्या. सावनी तिथंच उभी राहिली.

"उभी काय राहिलीस ग? चल, घर बघायास."

"आत्ता? आडी तर परवाच लागतेय."

"म्हणूनच की. आतां महिनाभर दुसरें कोणी यायचें नाहीं. मालक दार उघडून वाट बघत बसतील. आपण निवडून घेऊं."

"आणि आडीत राहायला जायचं?"

"सामान चढवायास मी आहें."

फाटकाशी सुधींद्र स्कूटर पुसत होता.

"एवढ्या उन्हात कुठे, मामी?"

"देवळात," मामी तमिळमध्ये म्हणाल्या, अथर्वच्या डोक्यावर पदर धरला आणि रिक्षाला हात केला.