डोळखांबला जाणारी गाडी

मी आगगाडीच्या खेळाचा पट बोलतोय. मुरबाडात कसली आली आगगाडी, म्हणून हसू नका. इथे एसटी आणि जीप, एवढंच, हे मलाही ठाऊक आहे. पण आधी माझ्यावर फासा टाका, मग बोला.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यातला. जाड पुठ्ठ्यावर रंगीत स्टेशनं, सोबत सहा लाकडी इंजिनं आणि एक फासा. माझी भावंडं कधीच रद्दीत गेली. मी मात्र भातसानगरला धरणावरच्या एका साहेबांच्या कपाटावर होतो. मला हात लावायची मुलांना बंदी, म्हणूनच एकही इंजिन हरवलं नाही. जपलं खरं, पण खेळलं कोणी नाही. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

साहेबांची बदली झाली, सामान भंगारात निघालं आणि तिथून मला जगनने उचललं. जगनचं मुरबाडला सायकल दुरुस्तीचं दुकान. जुने पट जमवायचा त्याला भारी नाद. कुणाचं बिऱ्हाड हलतंय याची खबर जीपवाले त्याला आणून देत. पटाची सुटलेली कड तो भाताच्या खळीने चिकटवायचा, कसर लागू नये म्हणून पेटीत कडुनिंबाचा पाला घालायचा. ग्रीसचे हात साबणाने घासून धुतल्याशिवाय मला शिवायचा नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेजारचा बारकू चिडवायचा, "जगन, पोरांची खेळणी जमवून पोट भरतंय का रे?"

"यातल्या एकाचं मोल एक दिवस दाखवीन तुला," जगन म्हणायचा. तो एक दिवस यावा म्हणून तो किती आसुसला होता, हे मला माहीत आहे.

त्याची बायको प्रेमा डोळखांबची. पहिल्यांदाच खेळायला बसली आणि फुरंगटली. "मुंबय, पुणं, नागपूर, सगळं हाय. माझं गाव कुठं हाय?" आणि जगन काही बोलायच्या आत तिने निळ्या पेनाने कल्याणपासून रेघ ओढली, मुरबाड लिहिलं, पुढे डोळखांब लिहिलं. जगनच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती इतकी खुशीत होती की त्याला रागावताच येईना. मग घरचा नियमच झाला: डोळखांबला पोचेल त्याने एक डाव थांबायचं आणि चहा घ्यायचा. सासुरवाडीहून लगेच कोणी निघतं का? जगनचं इंजिन बरोबर तिथेच जायचं.

दोन हजार सहा साली ठाण्याहून जुन्या खेळांचे एक शौकीन आले. सहाही इंजिनं बघून त्यांचे डोळे चमकले. त्यांनी सांगितलेला भाव ऐकून दारातल्या बारकूने आ वासला. जगनचा दिवस आला होता. मग त्यांनी मला पूर्ण उलगडलं.

"अरेरे! हे पेनाचं निघालं तर तोच भाव देतो. नाहीतर निम्माही नाही."

 जगन पाहुण्यांना जेवायला स्टँडवर घेऊन गेला. प्रेमा माझ्यापुढे बसली, डोळे पुसले आणि दाढीच्या पात्याने खरवडू लागली. 'डो' गेला. मला दुखलं, पण तिला जास्त दुखत होतं.

तेवढ्यात ते दोघे परतले.

"ठेव गो ते पातं!" जगन ओरडला.

"मीच घाण केली ना? मीच काढते. तुमचा भाव जाईल."

"जाऊ दे. इतकी वर्षं आमी या गाडीने तुझ्या माहेरी जातो. आता गाडी बंद करतेस?"

त्याने खिशातून पेन काढलं आणि खरवडलेल्या जागी जपून 'डो' लिहिला. पाहुण्यांनी कपाळाला हात लावला. "आता याला बाजारात कोणी विचारायचं नाही हो," असं म्हणून ते गेले.

बारकू आता चिडवणार, असं मला वाटलं. तो चपला काढून आत आला. "मला लाल इंजिन दे रे," एवढंच म्हणाला.

आज माझे कोपरे झिजलेत, मोल तर उरलंच नाही. पण माझ्यावरच्या एका गावाच्या नावात नवरा-बायको दोघांचं अक्षर आहे. मुरबाडला आलात तर जगनचं दुकान विचारा, एक डाव टाका. डोळखांबला पोचलात की घाई करू नका, प्रेमा चहा ठेवते.