लिबेराने पाठवलेला कागद

माझ्या मुलाचं, जेरार्दोचं लग्न झालं ते १९६८ साल. त्याच वर्षी आमच्या घराचा वरचा मजला परक्याच्या ताब्यात गेला.

घर वडिलांचं. ते गेल्यावर कायद्याने आम्हा दोघी बहिणींचं झालं, अर्धं माझं, अर्धं धाकट्या लिबेराचं. मी खाली राहायची. लिबेरा लग्न करून दूर उत्तरेला, तूरिन शहरात गेली होती, त्यामुळे वरचा मजला बंदच असायचा. जेरार्दो चार वर्षं जर्मनीत विटांच्या भट्टीवर राबला तो मावशीचा वाटा विकत घेऊन बायकोसह वर राहायचं म्हणून. लिबेराला आम्ही हे अजून सांगितलं नव्हतं. लग्नाला आली की समोरासमोर बोलू, असं ठरलं होतं.

आम्हा दोघींत शाळेत गेली ती लिबेरा. मी शेळ्यांमागे. नवऱ्याने मला माझं नाव काढायला शिकवलं होतं, चित्र काढावं तसं. तेवढ्यावर माझं निभावत होतं. जेरार्दोची सोयरीक जुळली ती नगरपालिकेतल्या कारकुनाच्या मुलीशी, ओर्सोलाशी. तिच्या आईने बोलता बोलता विचारलं, "शिक्षण किती झालं हो तुमचं?" मी म्हटलं, "तिसरी." तोंडून गेलं ते गेलंच.

एप्रिलमध्ये पोस्टमन एजिदियोने मला चौकातच गाठलं. "रोकीनाकाकू, रजिस्टर आहे तूरिनहून. सही करता ना?" विहीणबाई शेजारीच उभ्या होत्या. मी ऐटीत नाव काढलं, पाकीट फोडलं आणि कागदावरून डोळे फिरवले.

"काय म्हणते बहीण?" विहीणबाईंनी विचारलं.

"लग्नाला येते म्हणते. सगळ्यांना घेऊन."

"एवढ्यासाठी रजिस्टर पाठवलं? पैसे जास्त झालेत वाटतं तूरिनवाल्यांना!"

आम्ही दोघी हसलो. घरी येऊन मी तो कागद गव्हाच्या पेटीत तळाशी घातला. पाद्रीबाबांकडे नेता आला असता. पण बाहेर ओट्यावर बायका बसलेल्या असत, आणि मी कागद घेऊन आत गेले हे सगळ्यांनी पाहिलं असतं. आईच्या थडग्यावर संगमरवरी पाटी बसवायची असेल, असं मी मनाशी धरून चालले.

पुढच्या महिन्यात एका रविवारी लिबेराने तंबाखूच्या दुकानात फोन केला. गावात फोन तेवढाच. प्रार्थना आटोपून आलेले पुरुष आत पत्ते कुटत बसले होते, आणि त्या फोनमधला आवाज दारापर्यंत ऐकू जायचा.

"ताई, कागद मिळाला?"

"मिळाला की."

"पाद्रीबाबांनी वाचून दाख..."

"हो, हो, सगळं कळलं," मी घाईने म्हटलं. कोणी मान वर केलीय का ते पाहिलं.

"मग काय ठरवलंस?"

"तू लिहिलंयस तसं कर."

"नक्की ना गं? मागाहून मला बोल लावशील."

"कशाला लावीन? तू काय परकी आहेस?"

ती म्हणाली, "बरं. देव तुझं भलं करो."

ऑगस्टमध्ये पोटेन्झा शहरातला एक जनावरांचा डॉक्टर वरच्या मजल्याची किल्ली घेऊन आला. सोबत सुतार होता. "वाटा मी घेतला आहे," तो टोपी काढून अदबीने म्हणाला. "नोटरीसमोर रीतसर वाचन झालं, सह्या झाल्या." जेरार्दो पायरीवरच खाली बसला.

तीन आठवड्यांनी लग्न होतं. लिबेरा दोन दिवसांचा प्रवास करून आली, हातात कपबश्यांचं खोकं. जेवणाच्या मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर मी तिला अडवलं.

"तोंड कसं वर झालं तुझं इथे यायला? पोराच्या डोक्यावरचं छप्पर विकलंस, चोरून!"

"चोरून? ताई, मी कागद पाठवला होता. दोन महिने वाट पाहिली."

"कसला कागद? मला काही आलेलं नाही!"

विहीणबाई मध्येच म्हणाल्या, "अहो, एप्रिलमध्ये आलं होतं ना एक पत्र?"

"ते लग्नाला येण्याबद्दलचं होतं. तुमच्यासमोरच तर वाचलं मी."

लिबेराने माझ्याकडे पाहिलं. मग विहीणबाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचा राग निघून गेला. एका वाक्यात ती सुटली असती. ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल." खोकं टेबलावर ठेवून ती बसच्या थांब्याकडे चालू लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "शहराने माणसं बिघडतात."

जेरार्दो वकिलाला भेटून आला. "आई, दुसऱ्या वारसाला लेखी कळवल्याशिवाय वाटा परक्याला विकता येत नाही. तुला कळवलंच नसेल तर तेवढेच पैसे भरून वरचा मजला परत मिळतो. फक्त तू शपथेवर सांग."

पोस्टात माझी सही होती. मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीला कोर्टात खेचू? झालं गेलं विसर." गाव म्हणालं, रोकीनाचं मन मोठं. ती वाहवा मी चौदा वर्षं घेतली. जेरार्दो आणि ओर्सोला दोन वर्षं भाड्याच्या खोलीत राहिले आणि मग जर्मनीला गेले.

साठी उलटल्यावर, १९७९ साली, मी प्रौढांच्या वर्गात जाऊ लागले. अक्षरं जुळायला लागली तसा मी तो कागद पेटीतून काढला. वाचायला तीन दुपारी लागल्या. माझा वाटा विकण्याचा विचार आहे, किंमत अमुक, पहिला हक्क आपला, दोन महिन्यांत कळवावे, उत्तर न आल्यास विकण्यास मोकळीक. खाली पेनाने लिहिलं होतं, "ताई, तुला हवं असेल तर किंमत कमी करू. आधी तू."

मी लिबेराला पत्र लिहिलं, आयुष्यातलं पहिलं. तिचं उत्तर मोठ्या, सुट्या अक्षरांत आलं, मला वाचता यावं म्हणून. "मला मांडवातच कळलं होतं. तिथे बोलले असते तर सुनेच्या माहेरी तुझी मान खाली गेली असती. आता कोणाला सांगू नकोस, गरज नाही."

मी तिचा शब्द पाळला. सोयीचा होता म्हणून पाळला. दोन वर्षं जेरार्दोला काही बोलले नाही. ती गेल्याची तार आली तेव्हा त्याला फोन लावला. तो म्हणाला, "जिने घर लुबाडलं तिच्या मातीला मी येणार नाही." तेव्हाही माझी जीभ उचलली नाही. तूरिनला मी एकटी गेले.

त्या ऑगस्टमध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा जेवताना मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने वाचले. काटा खाली ठेवला.

"मावशी एकदा आम्हाला भेटायला जर्मनीत आली होती," तो म्हणाला. "मी दार उघडलं नाही. तू का बोलली नाहीस, आई?"

"लाज वाटली."

"वाचता येत नव्हतं याची?"

"आधी त्याची. मग तिला खोटं पाडलं त्याची."

तो उठून बाहेर गेला. ओर्सोला ताटं गोळा करत हळूच म्हणाली, "सासूबाई, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. औषधाच्या बाटल्या तुम्ही रंगावरून ओळखायचात. आईला पण सांगितलं होतं मी. ती म्हणाली, असू दे, त्यात काय."

दुसऱ्या दिवसापासून मी लग्नाला आलेल्यांच्या घरोघर गेले आणि खरं काय ते सांगितलं. काहीजण गावात उरले नव्हते. काहींना लग्नच आठवत नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, "ती तूरिनची चोरटी ना?" त्याला मी तीनदा समजावलं. तरी मी निघताना तो तेच म्हणाला.

म्हणून हे माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी धाकटी बहीण लिबेरा १४ मार्च १९८२ रोजी, रविवारी, तूरिनच्या इस्पितळात वारली.