पडलेला पूल

"नेल्दा, पूल पडला."

"कुणाचा?"

"हेझलबाईंचा. बरोबर दोन मुकुट आलेत, त्यातला एक फुटलाय. डॉक्टरला सांग तयार राहा, जुनं सगळं काढून टाकावं लागणार."

मी हसून म्हटलं, "दाजी, कॉफी ठेवते, सावकाश आणा." पलीकडून उत्तराऐवजी कुणीतरी दरडावल्याचा आवाज आला, मग फोन फरशीवर पडल्याचा, आणि मग काहीच नाही.

माझे दाजी क्रिसांतो बार्रासा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आम्पारोचे यजमान. आम्पारो गेली, पण दाजी ते दाजीच. आमचं गाव पुलाच्या तोंडाशी. पुलाखाली ब्रावो नदी, पलीकडे ग्रिंगोंचा, म्हणजे अमेरिकनांचा मुलुख. तिकडे दात दुखणं श्रीमंतांनाच परवडतं, म्हणून बाकीचे म्हातारे हिवाळा सुरू झाला की पूल ओलांडून आमच्याकडे येतात. आमच्या एका रस्त्यावर जेवढे दातांचे डॉक्टर आहेत तेवढे पाववालेही नाहीत. पुलाच्या पायथ्याशी, बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दाजी उभे राहायचे. डोक्यावर पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. आलेल्या माणसाला हात द्यायचा, गर्दीतून आमच्या दवाखान्यापर्यंत आणायचं, आणि निघण्याआधी मला फोनवर कळवायचं की काय येतंय. दातावर चढवायच्या टोपणाला आम्ही मुकुट म्हणतो. पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दोन दातांच्या आधाराने जे बसवतात, त्याला पूल. माणसांची नावं दाजींच्या लक्षात राहायची नाहीत, दात मात्र राहायचे. एकट्या हेझलबाईंचं नाव त्यांना पाठ होतं, कारण ती बाई दर हिवाळ्यात यायची आणि आम्पारोच्या फोटोला फुलं आणायची.

आता हेच बोलणं एखाद्या परक्या माणसाने ऐकलं तर काय होईल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही. परका माणूस आमच्या कोपऱ्यावर कशाला कान देईल?

पण त्या हिवाळ्यात परके आले होते. हमरस्त्यावर गोळीबार झाला, तिकडच्या बातम्यांत आमच्या गावाचं नाव आलं, आणि पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी म्हणून पुलाच्या तोंडाशी लष्कराची तुकडी येऊन बसली. वाळूची पोती, वर बंदूक बसवलेली गाडी, आणि चेहरे झाकलेले जवान. पाहुण्यांना सुरक्षित वाटावं म्हणून हा सगळा थाट, आणि पाहुणे तो बघून अर्ध्या पुलावरूनच माघारी फिरायचे.

दवाखान्याचं दार ढकलून चेलो आत आली. कोपऱ्यावर तिची गोर्दितांची, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्यांची गाडी आहे. हाताला मक्याचं पीठ तसंच.

"तुझ्या दाजीला नेलं गं. दोघांनी दंडाला धरून, जुन्या जकातीच्या इमारतीत. ससाणा म्हणाले त्याला."

जो कोपऱ्यावर उभा राहून लष्कराच्या गाड्या कुठे चालल्यात ते फोनवरून त्या मंडळींना कळवतो, त्याला आमच्याकडे ससाणा म्हणतात. ती मंडळी म्हणजे कोण हे विचारू नका, आम्हीही विचारत नाही. ससाणा म्हणून उचललेला माणूस कधी सुटतो, कधी तुरुंगात कुजतो. आणि सुटून आला तर ती मंडळी विचारतात, लवकर कसा सुटलास, कुणाचं नाव दिलंस. इकडे आड, तिकडे विहीर.

आमचे डॉक्टर ओविदिओ हातमोजे घालून उभे होते. मी म्हटलं, "चला, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"माझं नाव यात नको, नेल्दा. दवाखाना बंद करतील."

"मग निदान तो पांढरा कोट तरी द्या."

दिला नाही. दातओठ खात मी निघाले. घरी बसून रडण्यापेक्षा तिथे जाऊन भांडणं मला सोपं जातं.

कोपऱ्यावर हेझलबाई एकटीच उभी होती, तोंडावर हात धरून. तिच्याबरोबरचे ते दोन मुकुट केव्हाच परत पळाले होते. मी तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. मुठीत रुमालाची पुरचुंडी होती. मग मी तिला काही विचारलं नाही, दंडाला धरलं आणि म्हटलं, "बाई, चला माझ्याबरोबर."

जकातीच्या इमारतीतला कप्तान तरुण होता, दक्षिणेकडून कुठून तरी आलेला. आमच्या थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं. दाजी समोरच्या बाकावर बसले होते. टोपी मांडीवर, पाठ ताठ.

"तुम्ही कोण?"

"ह्यांचा फोन जिच्याशी चालला होता ती मीच. आता मलाही बसवा ह्यांच्या शेजारी."

"पूल पडला म्हणजे काय?" कप्तानाने कागदावर लिहून घेतलं होतं, ते वाचून विचारलं. "मुकुट कोण? काढून टाकायचं ते कुणाला?"

मी हेझलबाईला कोपराने ढोसलं. तिला आमची भाषा तोडकीमोडकी येते, पण प्रसंग कळला. तिने टेबलावर रुमाल ठेवला आणि उलगडला. आत तीन दात एकमेकांना चिकटलेले, आणि सकाळच्या टोस्टचा एक कण.

"पूल," ती म्हणाली. "माझा. पडला." आणि तोंडावरचा हात काढून तिने समोरची खिंड दाखवली.

दाराशी उभ्या असलेल्या जवानाने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. कप्तान मात्र हसला नाही. तो त्या दातांकडे बघत राहिला, मग त्याने जपून रुमाल पुन्हा मिटला आणि दोन्ही हातांनी बाईकडे दिला. त्या क्षणी मला तो बरा माणूस वाटला.

"ठीक आहे, हे नाहीत," तो म्हणाला. "पण मागच्या महिन्यात हमरस्त्यावर माझी दोन माणसं गेली. ह्याच रस्त्यावरून कुणीतरी फोन केला होता, की गाडी निघाली. तुम्ही वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यावर उभे असता. सगळं बघता. मग तो कोण?"

मला माहीत होतं. चेलोला माहीत होतं. सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"नाव सांगा," कप्तान म्हणाला. "कोपरा तुमचाच राहील. मी तुम्हाला माझ्या सहीचं ओळखपत्र देतो, कुणी हात लावणार नाही."

"दिवसा कुणी हात लावणार नाही," दाजी म्हणाले. "पण रात्री? आणि तुम्ही इथे किती दिवस आहात, साहेब?"

"ते मला विचारू नका."

"नाहीच विचारत." दाजींनी मांडीवरची टोपी सारखी केली. "आम्पारो आजारी होती तेव्हा ती मंडळी माझ्याकडे आली होती. म्हणाली, तू तसाही उभाच असतोस, तसाही फोन करतोस, त्यात आमचंही एक वाक्य घाल. औषधाचा सगळा खर्च बघतो म्हणाली. मी म्हटलं, मला दात सोडून काही दिसत नाही. महिनाभर घरात जीव मुठीत धरून बसलो होतो. आज तुम्हीही तेच मागताय. तुमची दोन पोरं गेली त्याचं मला वाईट वाटतं, मनापासून. पण माझी नजर मी त्यांना भाड्याने दिली नाही, तुम्हालाही देणार नाही. मी दातांचं बघतो."

ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. माझी बहीण त्यावेळी वेदनेने तळमळत होती, आणि हा माणूस तिच्या उशाशी बसून गप्प राहिला होता. आम्पारोला ठाऊक होतं का? असणारच. तिला हवंही असंच असणार. मला भर खोलीत रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

कप्तानाने समोरचा कागद उलटा ठेवला. मग म्हणाला, "तुम्हाला सोडतो. फोन तपासून मग मिळेल. पण उद्यापासून पुलापासून चौकापर्यंत कुणीही उभं राहायचं नाही. पाहुण्यांचा रस्ता मोकळा हवा. तुम्हालाही लागू आहे."

"समजलं," दाजी म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. "झालं ना मनासारखं? आता घरी बसा. गुडघा आधीच गेलाय. माझ्या पगारात दोघांचं भागेल. किती वेळा दाताच्या कण्या केल्या तुमच्यापुढे की पुरे करा आता."

"उभं राहू नका म्हणाला तो," दाजी म्हणाले. "चालू नका असं म्हणाला का?"

"काय?"

"ऐकलंस ना तू. उभं राहायचं नाही, एवढंच म्हणाला."

मला वाटलं, थट्टा चाललीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दाजी पुलाच्या पायथ्यापासून चौकापर्यंत चालत गेले. चौकातून वळले, परत पुलापर्यंत आले. पुन्हा वळले. डावा पाय किंचित ओढत, नाकासमोर बघत. चेलो ओरडली, "क्रिसांतो, देवाची मिरवणूक निघालीय की काय? मूर्ती कुठाय?" दाजींनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले. जवान बघत राहिले. एकाने कप्तानाला विचारलंही असावं, कारण कप्तान बाहेर येऊन पोत्यांपाशी उभा राहिला, थोडा वेळ बघून आत गेला. चालायला मनाई नव्हती. बसायलाही नव्हती. ज्याच्याविषयी मी बोलणार नाही, तो त्याच्या नेहमीच्या जागी खुर्चीवर आरामात बसला होता, फोन गुडघ्यावर ठेवून.

दाजींचे फोन बंद झाले. कोण येतंय ते मला आता दारात जाऊन बघावं लागायचं. कधी त्यांच्या हाताला धरून एखादा म्हातारा यायचा, बहुतेक वेळा कुणीच नाही. दुपारी मी पाणी घेऊन गेले की ते चालता चालताच प्यायचे आणि पेला परत घ्यायला मला त्यांच्याबरोबर चार पावलं पळावं लागायचं. मी शिव्या घालायची. ते म्हणायचे, "दम लागेल तुला, जा."

हेझलबाईंचा नवा पूल तयार झाला त्या दिवशी मी स्वतःच बाहेर जाऊन थांबले, म्हणजे दवाखान्याच्या उंबऱ्यात थांबले, तिथपर्यंत मनाई नव्हती. तिथून सगळा रस्ता दिसतो. बाई पुलावरून उतरली. समोर बंदुकीची गाडी. त्या दिवशी जवानही जास्त होते, रात्री कुठेतरी काहीतरी झालं होतं. ती थबकली आणि तिने औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पांढरी टोपी नव्हती. तिने पुन्हा पाहिलं, तोंडावर हात गेला, आणि ती पाठ फिरवून पुलाकडे वळली.

दाजी चौकाच्या टोकाला होते. त्यांनी पाहिलं. ओरडले असते तर बंदुका वळल्या असत्या. धावणं गुडघ्याला झेपणारं नव्हतं, आणि लष्करासमोर आमच्याकडे कुणी धावतही नाही. त्यांनी फक्त टोपी काढून हातात उंच धरली आणि चालत राहिले. मी मनात म्हणत होते, आम्पारो, तिला मागे बघायला लाव.

काय वाटलं कोण जाणे, बाईने मागे वळून पाहिलं.

दाजी तिच्यापर्यंत पोहोचले, थांबले नाहीत, तिच्याभोवती अर्धा वळसा घेऊन तसेच परत फिरले आणि कोपर पुढे केलं. तिने ते घट्ट धरलं. दोघं पोत्यांसमोरून येऊ लागली.

"जरा थांबू या," तिचा आवाज मला ऐकू आला. "धाप लागली."

"इथे नाही, बाई. इथे थांबायचं नाही. हळू चालू."

दोघं इतकी हळू चालली की उभी आहेत की चालताहेत ते कळेना. कप्तान बाहेर उभा होता. त्याचं लक्ष त्यांच्याकडे होतं. मग त्याने खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. ती दोघं पुढे जाईपर्यंत त्याची नाडी काही बांधून झाली नाही.

उंबरा ओलांडल्यावर मी हेझलबाईला आत डॉक्टरांकडे बसवलं आणि दाजींसाठी खुर्ची ओढली. ते दाराशी भिंतीला लागून उभे होते. सदरा घामाने पाठीला चिकटला होता, डावा पाय थरथरत होता. दोन्ही टाचा त्यांनी जवळ घेतल्या होत्या आणि टोपी पोटाशी धरली होती, कोपऱ्यावर धरायचे तशीच.

"बसा ना आता," मी म्हटलं.

"राहू दे, नेल्दा," ते म्हणाले. "सकाळपासून उभाच राहिलो नाही."