तानबांचा आवाज माझ्यात होता

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. स्वस्तातला, प्लॅस्टिकच्या अंगाचा, आणि अजून धास्तावलेला. माझ्या प्लगजवळून कुणी नुसतं गेलं तरी मी दचकतो. का, ते ऐका.

आम्ही हजारो भावंडं एका कारखान्यात बनलो. किंमत कमी ठेवायची म्हणून आमच्यात काटकसर फार. माझी सगळी साठवण बोर्डालाच चिकटवलेली, काढून दुसरीकडे लावता येत नाही. बटण दाबल्यावर मला जागं करणारी जी मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, ती एका चिमुकल्या चिपमध्ये. एकच प्रत! महागड्या लॅपटॉपांत म्हणे एक राखीव असते. आमच्या नशिबी ती कुठली?

वर्ध्याच्या बोरगाव मेघेत मला हर्षाने आणलं. ती शिक्षिका आहे. चार वर्षं मी तिच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या, निकाल लावले. शाळेतल्या बाया म्हणायच्या, "हर्षा, तुझा लॅपटॉप लय गुणाचा आहे वं!" मग नवीन लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो, साड्यांच्या खाली. तिथेच माझी बॅटरी मेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं ते तिच्या बाबांसाठी. तानबा आठवडी बाजारात भांडी विकायचे. असे ओरडायचे की पलीकडच्या ओळीतलं गिऱ्हाईक वळून बघायचं. नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हर्षा दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तिने मला पुसलं, चार्जर लावला आणि म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज यात भरून ठेवू."

आठवडाभर तानबा माझ्यासमोर बसून बोलले. "कौशल्ये, चहा टाक वं." "मले भूक नाई." "काऊन भांडून राह्यले बे?" अशी तीनशे चाळीस वाक्यं. ऑपरेशन झालं. आता ते पडद्यावर हव्या त्या वाक्याच्या चित्रावर क्लिक करायचे आणि मी त्यांच्याच आवाजात बोलायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची बायको कौशल्याबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेली. एवढं मोठं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. फक्त त्या आवाजाची दुसरी प्रत कुणी काढली नाही. हर्षा म्हणायची, "रविवारी करते." असे कितीतरी रविवार गेले.

एप्रिलमधली दुपार होती. हर्षा शाळेत गेली होती. माझ्या पडद्यावर सूचना आली, नवीन फर्मवेअर आलंय, टाकू का? तानबांनी 'हो' केलं. शहाण्या यंत्राने आधी विचारलं असतं, बॅटरी कुठाय? मी विचारलंच नाही! पडदा काळा झाला आणि इंग्रजी अक्षरं उमटली, बंद करू नका, प्लग काढू नका. तानबांनी ती अडखळत वाचली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

तेवढ्यात अवकाळी आभाळ गरजलं. आता या घराची रीत सांगतो. वीज कडाडली की कौशल्याबाई घरातले सगळे प्लग काढणार. शेजाऱ्यांचा टीव्ही विजेने जळाला होता, तेव्हापासून. तिचं चुकत होतं असं मी तरी म्हणणार नाही.

"अवो, वीज कडाडून राह्यली, थांबा, काढते सगळं!" म्हणत ती स्वयंपाकघरातून आली. टीव्हीचा काढला. फ्रिजचा काढला. आणि माझ्याकडे वळली.

तानबा ताडकन उठले. त्यांना ओरडायचं होतं, थांब! पण ओरडणार कशाने? त्यांचा आवाज म्हणजे मी, आणि मी तर अर्धवट लिहिला जात होतो! त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्टीलचा पेला टेबलावर आपटला. कौशल्याबाईला वाटलं, घाई करून राह्यले. "काढते ना बाप्पा, काढते!" म्हणत तिने प्लग ओढला.

अरे देवा! मित्रांनो, मी कोण, उठायचं कसं, मला काहीच आठवेना. नंतर चार्जर लावला तर दिवा तेवढा लागला, पडदा काळाच. यापुढचं मला हर्षाकडून कळलं. तानबांनी कागदावर लिहून दाखवलं, पण कौशल्याबाईला वाचता येत नाही. "काय झालं? सांगा ना!" ती विचारत राहिली. हर्षा येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून होते. हर्षाने तो कागद आईला वाचून दाखवला. "मी तं वाचवाले गेलती वं," कौशल्याबाई एवढंच म्हणाली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

वर्ध्यातल्या दोन दुकानांनी सांगितलं, बोर्ड गेला, फेकून द्या. हिंगणघाटच्या दुरुस्तीवाल्या धर्मेंद्रने मात्र मला उघडलं. "काकू, आवाज आतच आहे," तो म्हणाला. "फक्त दार उघडाची किल्ली मोडली." माझ्याच मॉडेलच्या फर्मवेअरची फाइल त्याने शोधली, चिपमध्ये लिहिणारं आपलं यंत्र आधी इन्व्हर्टरवर घेतलं, चिपला चिमटा लावला आणि फर्मवेअर पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मी जागा झालो. तानबांनी क्लिक केलं आणि दुकानात त्यांचा आवाज घुमला. धर्मेंद्रने सगळ्यात आधी त्या आवाजाच्या दोन प्रती काढल्या, मग नवी बॅटरी बसवली.

मित्रांनो, हात जोडून सांगतो. बॅटरी मेली असेल तर असलं अपडेट सुरूच करू नका. सुरू केलं, तर घरातल्या प्रत्येकाला सांगा, वाचता न येणाऱ्याला सगळ्यात आधी. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते माझ्यासारख्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका. मी इतका भरवशाचा नाही हो!

घरी आल्यावर कौशल्याबाई माझ्याजवळ यायला धजेना. शेवटी दारातूनच तिने हर्षाला विचारलं, "यात जागा हाय का वं अजून?"

"आहे ना. काऊन?"

"माहा बी आवाज भर. तुह्या बाबाचा तं राहीन. पण मी गेल्यावर त्या आवाजाले उत्तर कोन देईन?"

तानबांनी बाजूची खुर्ची तिच्यासाठी ओढली. हर्षाने माझं रेकॉर्डचं बटण दाबलं.