पिशवीतला चहा आणि खुंटीवरची किटली

मी एक जुनी किटली आहे. स्टीलची. पोटाला दोन पोचे पडलेत, पण तोटी अजून सरळ आहे. मित्रांनो, नाशिकच्या द्वारका चौकात, खंडेरावांच्या चहाच्या टपरीवर माझा भारी थाट होता. ट्रकचे ड्रायव्हर, गॅरेजवाले सगळे माझी वाट पाहायचे. मीही तोऱ्यात वाफा सोडत जायचे.

मग आल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या. उकळता चहा ओतायचा, वर रबर गुंडाळायचं, झालं पार्सल! ग्लास विसळायला नकोत, गोळा करायला नकोत. मला खुंटीला टांगलं आणि कहर म्हणजे त्या पिशव्या माझ्याच पोटात कोंबल्या. सवतीला मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटायचं.

समोरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात वेदिका नोकरी करते. तिला सातवा महिना लागला होता. खंडेराव मायेने जास्तीचं आलं घालून तिला कडकडीत चहा पिशवीतून पाठवायचे. एक दिवस ती स्वतःच आली.

"काका, उद्यापासून माझा चहा बंद."

"का गं पोरी? चव बिघडली का?"

"चव छान आहे हो. पण गरम चहात पिशवीचे बारीक कण उतरतात, डोळ्यांना न दिसणारे. डॉक्टर म्हणाल्या, असे कण बाळाच्या वारेतही सापडलेत. त्रास किती होतो ते अजून नक्की कळलेलं नाही, पण मला धोका नको."

"अगं, पण मी दर वेळी कोरी पिशवी काढतो! वापरलेली कधीच नाय!"

"कोरी असली तरी प्लास्टिकच ना, काका."

खंडेराव मटकन बाकावर बसले. "एवढे महिने मीच पाजलं की तुला," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून माझा सगळा रुसवा पळाला. मला फार वाईट वाटलं.

मग ते उठले. मला खाली काढून पिशव्या बाहेर ओढल्या आणि असं खसाखसा घासलं की पोचेसुद्धा चमकले! तेव्हापासून पुन्हा मीच फिरते आणि आमचा चहा काचेच्या ग्लासातून जातो. पार्सल मागणाऱ्याला खंडेराव सांगतात, "डबा आणा, थर्मास आणा, नायतर इथं बसून प्या." काही गिऱ्हाइकं कुरकुरली, दोन-चार तुटलीही.

मित्रांनो, गरम चहा किंवा आमटी प्लास्टिकच्या पिशवीत घेऊ नका. घरून एक डबा न्यायला कितीसे कष्ट पडतात?

काल वेदिका लेकीला घेऊन आली. खंडेरावांनी दोनदा साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि मगच बाळाला घेतलं. "गुटगुटीत हाय लय!" म्हणाले, आणि रडूच लागले.